वाचक विचारतात : सपाट उड्डाणातल्या लिफ्टचं गणित

या महिन्यात आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न विमानाच्या उत्थापन बलाबद्दल, म्हणजे लिफ्टबद्दल होते. त्यांतले काही निवडून उत्तरं दिली आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी सेस्ना १७२ एस हेच विमान घेतलं आहे. आपल्याकडे वैमानिक होणाऱ्यांपैकी बरेच जण पहिले धडे याच जातीच्या विमानावर घेतात, आणि त्याचे आकडे सहज मिळतात.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेस्ना १७२ची १०० नॉट वेगाला, समुद्रसपाटीजवळच्या सपाट उड्डाणातली लिफ्ट काढायची होती. पंखाचा छेद ‘नाका २४१२’ (पंखाच्या आडव्या कापाचा एक प्रमाण आकार) धरला, पंख आणि समोरची हवा यांतला कोन ६ अंश घेतला, पुस्तकातल्या आलेखावर लिफ्ट-गुणांक ०.८५ दिसला. सूत्रात (लिफ्ट म्हणजे अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले लिफ्ट-गुणांक) घातल्यावर लिफ्ट वजनाच्या जवळजवळ दुप्पट आली. आकडेमोड तीनदा तपासली आहे. (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : आकडेमोड बरोबरच आहे, पण सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. विमान एकाच उंचीवर, एकाच वेगाने, नाकासमोर चाललं असेल तर त्याच्यावरची वरची आणि खालची बलं एकमेकांना फेडतात. म्हणून लिफ्ट किती, हे सूत्राला विचारायचं कारणच नाही. ती वजनाइतकी असते, आणि वजन विमान धावपट्टीवर यायच्या आधीच ठरलेलं असतं. सूत्राला विचारायचं ते असं, की एवढी लिफ्ट या वेगाला हवी असेल तर लिफ्ट-गुणांक किती लागेल, आणि तो मिळवायला पंख हवेशी किती अंशांत धरावा लागेल. तुम्ही कोन मनाने धरलात. त्या कोनात ते विमान १०० नॉटला सपाट उडूच शकत नाही, ते वर उसळेल. तुमच्या उत्तराने तेच सांगितलंय.

आता सरळ क्रमाने करू. कमाल भारात या विमानाचं वस्तुमान १,१५७ किलो. गुणिले ९.८१, म्हणजे वजन ११,३५० न्यूटन. वेग १०० नॉट गुणिले ०.५१४४, म्हणजे सेकंदाला ५१.४४ मीटर, त्याचा वर्ग २,६४६. समुद्रसपाटीला मानक, म्हणजे हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो. अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग हा झाला गतिक दाब : १,६२१ पास्कल. पंखाचं क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर. गतिक दाब आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार २६,२६० न्यूटनच्या आसपास येतो. वजनाला त्याने भागा : लिफ्ट-गुणांक ०.४३. तुमच्या ०.८५च्या निम्मा.

कोन काढताना आणखी एक खाच आहे, आणि ती पुस्तकातल्या आलेखातच दडलेली आहे. तो आलेख पंखाच्या छेदाचा असतो, म्हणजे ज्याला टोकंच नाहीत अशा अनंत लांब पंखाचा. खऱ्या पंखाला टोकं असतात. तिथून हवा खालून वर वळते आणि सगळ्या पंखाचीच धार थोडी बोथट होते. छेदाचा गुणांक अंशामागे साधारण ०.१०५ने वाढतो. सेस्नाच्या पंखाची लांबी ११ मीटर. लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ, म्हणजे १२१ भागिले १६.२, म्हणजे ७.५ हे त्याचं आस्पेक्ट गुणोत्तर. पहिल्या अंदाजाला खऱ्या पंखाचा उतार म्हणजे दोन-पाय (६.२८) गुणिले ७.५ भागिले (७.५ अधिक २, म्हणजे ९.५), हा रेडियनमागे ४.९६ येतो, अंशामागे ०.०८७. ०.४३ भागिले ०.०८७ म्हणजे ५ अंश. पण हे ५ अंश शून्य-लिफ्टच्या कोनापासून मोजलेले आहेत. २४१२ हा छेद किंचित फुगीर आहे, त्याची लिफ्ट उणे २ अंशांना शून्य होते. म्हणून पंखाच्या जीवारेषेपासून (छेदाची पुढची आणि मागची कड जोडणारी सरळ रेषा) मोजला तर कोन फक्त ३ अंश. अहवालात ‘कोन ५ अंश’ लिहिताना तो कुठून मोजला हेही लिहा. तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं.

ताळा करायचा एक सोपा मार्ग आहे, त्यात घनता लागत नाही आणि क्षेत्रफळही नाही. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपा) न उघडता, कमाल भारात हे विमान ५३ नॉटला स्टॉल होतं, म्हणजे पंखावरची हवा सुटते आणि लिफ्ट कोसळते. तिथला गुणांक वरच्या रीतीने एकदाच काढून ठेवायचा, तो १.५४ येतो. मग कुठल्याही वेगाचा गुणांक म्हणजे १.५४ गुणिले (५३ भागिले वेग)चा वर्ग. १०० नॉटला ०.४३. जमलं. मात्र ५३ हा कॅलिब्रेटेड, म्हणजे मोजणीची चूक काढून टाकलेला वेग आहे. कॉकपिटमधल्या वेगाच्या घड्याळावर नेहमीच्या वेगांची हिरवी पट्टी ४८ नॉटला सुरू होते, कारण नाक इतकं वर असताना पिटॉट नळीत (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी नळी) हवा तिरकी येते आणि घड्याळ कमी दाखवतं. ते ४८ घेऊन गणित केलंत तर कमाल गुणांक १.८८ येईल. हा आकडा फ्लॅप पूर्ण उघडल्यावरचा शोभेल, बंद पंखाचा नव्हे.

प्रश्न : लिफ्ट वेगाच्या वर्गावर वाढते म्हणतात. मग वैमानिकाने वेग २० टक्के वाढवला तर लिफ्ट ४४ टक्के वाढून विमान आपोआप वर का जात नाही? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : जातं की! वैमानिकाने काहीच केलं नाही तर जातं. सपाटच ठेवायचं असेल तर त्याला दांडी थोडी पुढे ढकलून पंखाचा कोन कमी करावा लागतो. मघाच्या विमानाचे आकडे पाहा. ७० नॉटला गुणांक ०.८८ लागतो, कोन ८ अंशांच्या वर. १०० नॉटला ३ अंश. १२० नॉटला गुणांक ०.३०, कोन दीड अंश. तिन्ही वेळा लिफ्ट तीच ११,३५० न्यूटन. वेग वाढला की कोन घटतो, आणि त्या दोघांचा हिशेब वैमानिकाचा हात मिटवत असतो. शिकाऊ मुलं थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) पुढे सारतात आणि नाक वर चढतं म्हणून गोंधळतात, ते यामुळेच.

ट्रिम करून (म्हणजे दांडी न धरताही ती जागेवर राहील अशी जुळवणी करून) सोडून दिलेल्या विमानात तर आणखी गंमत होते. ट्रिम खरं तर कोन बांधून ठेवतं, आणि कोनाबरोबर वेग. इंजिनाची ताकद वाढवली तर वेग थोडा हलून साधारण पूर्वीच्याच आकड्यावर येतो आणि जादा ताकद चढण्यात जाते. स्थिर चढताना लिफ्ट वजनापेक्षा जास्त असते असं बऱ्याच जणांना वाटतं. ती किंचित कमी असते. ७४ नॉट वेगाने मिनिटाला ७०० फूट चढत असाल तर मार्ग सुमारे ५.४ अंश वर झुकलेला असतो. लिफ्ट वजनाच्या ९९.६ टक्के. उरलेला भार इंजिन ओढतं.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी छोट्या विमानांना धावपट्टी जास्त लागते असं ऐकलं. लिफ्ट कमी होते म्हणून का? आणि मग वैमानिक घड्याळात जास्त वेग धरतात का? (वाचक, वर्धा)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, घड्याळात वेग तोच धरतात. आणि तोच धरणं बरोबर आहे. कॉकपिटमधलं वेगाचं घड्याळ खरं म्हणजे वेग मोजतच नाही. ते पिटॉट नळीतला दाब आणि बाजूच्या छिद्रातला स्थिर दाब यांतला फरक, म्हणजे गतिक दाब मोजतं, आणि हवा समुद्रसपाटीची मानून त्याचे नॉट करून दाखवतं. पंखालाही गतिक दाबाशीच मतलब असतो. त्यामुळे पातळ हवेत घड्याळ आणि पंख दोघेही सारख्याच प्रमाणात ‘फसतात’, आणि वैमानिकाला घनतेची काळजी करावी लागत नाही.

धावपट्टीला मात्र खऱ्या वेगाशी काम असतं. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर. तिथे मानक दाब धरून तापमान ४५ अंश घेतलं तर घनता १.०७ येते, समुद्रसपाटीच्या ८७ टक्के. एवढी पातळ हवा मानक दिवशी १,४०० मीटर उंचीवर असते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने मे महिन्यातली नागपूरची दुपार आणि महाबळेश्वरचं पठार एकच, थंडाव्याचा भाग वगळून! घड्याळात ५५ नॉट दिसत असताना खरा वेग त्याहून ७ टक्के जास्त, ५९ नॉट. लागणारं अंतर वेगाच्या वर्गावर चालतं, म्हणून निव्वळ वेगापोटीच धाव १५ टक्के लांबते. त्यात विनाटर्बो इंजिनाला त्याच पातळ हवेतून प्राणवायू घ्यायचा असतो आणि प्रोपेलरलाही तीच हवा ढकलायची असते; ताकद घटते, वेग धरायला वेळ लागतो. खरी लांबी विमानाच्या पुस्तिकेतल्या तक्त्यातून काढायची, या १५ टक्क्यांवर थांबायचं नाही.

लेहला हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. विमानतळ ३,२५६ मीटर उंच. मानक तापमानाला घनता ०.८८५, पण उन्हाळ्यात पारा २० अंशांवर गेला की ती ०.८१पर्यंत उतरते. घड्याळात १३५ नॉट ठेवून उतरणाऱ्या विमानाचा खरा वेग मग १६६ नॉट असतो. ब्रेकना थोपवायची ऊर्जा समुद्रसपाटीच्या दीडपट. लेहची बहुतेक उड्डाणं सकाळी उरकतात त्यामागे दुपारच्या वाऱ्यांइतकंच हेही कारण आहे.

गणित करणाऱ्यांसाठी इशारा. घड्याळातला वेग घेतलात तर घनता १.२२५च घ्या, खरा वेग घेतलात तर तिथली खरी घनता घ्या. दोन्हींची खिचडी करू नका. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या गणितांत सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच. ८,००० फुटांवर (घनता ०.९६३) घड्याळातले १०० नॉट आणि तिथली खरी घनता एकत्र घातली तर लिफ्ट २१ टक्के कमी येते आणि विद्यार्थी गुणांक वाढवून ती भरून काढतो. तिथे खरा वेग ११३ नॉट असतो. तो घाला, सगळं जागेवर बसेल.

प्रश्न : लिफ्ट बरोबर वजन हे अगदी तंतोतंत खरं आहे का? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : सगळ्या विमानाची मिळून उभी बलं धरलीत तर तंतोतंत. एकट्या पंखाची लिफ्ट धरलीत तर नाही. नेहमीच्या मांडणीच्या विमानात पंखाला सहसा वजनापेक्षा जास्त उचलावं लागतं, कारण शेपूट खाली दाबत असते.

बैलगाडीची धुरा आठवा. भार चाकांच्या पुढे असला की जू खाली जातं. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या वायुकेंद्राच्या (जिथे पंखाची लिफ्ट एकवटली असं हिशेबात धरतात त्या जागेच्या) थोडा पुढे ठेवतात, म्हणजे नाक खाली झुकायला बघतं. शिवाय फुगीर पंख स्वतःही नाक खाली वळवतो. हे दोन्ही तोलायला आडव्या शेपटीला खाली जोर लावावा लागतो. सेस्नाच्या मापाचे आकडे धरून पाहू. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर पुढे : ११,३५० गुणिले ०.१०, म्हणजे १,१३५ न्यूटन-मीटर. पंखाचा स्वतःचा वळण-गुणांक उणे ०.०५, सरासरी जीवा १.४९ मीटर, १०० नॉटला हे वळण सुमारे १,९५५. एकूण ३,०९०. शेपूट साडेचार मीटर मागे धरली तर तिला खाली लावायचा जोर ६९० न्यूटन, म्हणजे ७० किलोंचा माणूस मागच्या टोकाला बसवल्यासारखं. पंखाला आता ११,३५०ऐवजी १२,०४० न्यूटन उचलायचे. सहा टक्के जास्त. पंखाचा गुणांक ०.४३वरून ०.४६.

सामान मागे सरकवलं की हा बोजा घटतो, स्टॉलचा वेगही किंचित उतरतो. म्हणून सामान मागेच भरावं असं मात्र कुणी ठरवू नये. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेपलीकडे गेला तर नाक वर गेल्यावर आपसूक खाली येण्याची विमानाची सवय मोडते, आणि स्टॉल झालं तर सावरणं हाताबाहेर जाऊ शकतं.

उरला इंजिनाचा ओढा. हळू उडताना नाक ९ अंश वर असलं आणि ओढा वजनाच्या एक-दशांश असला तर वजनाचा दीड टक्का तोच उचलतो. वेगात तो हिशेबातही धरायला नको.

प्रश्न : पंखावरून जाणारी हवा लांबचा रस्ता कापून खालच्या हवेबरोबरच मागच्या कडेला पोचते, म्हणून ती वेगाने जाते आणि दाब घटतो, असं माझ्या मुलाला शिकवलं आहे. यावरून लिफ्टचं गणित करता येईल का? (पालक, ठाणे)

उत्तर : करून बघा, म्हणजे ही कल्पना का सोडावी ते कळेल. सेस्नाच्या पंखाची वरची वाट खालच्यापेक्षा दोन टक्के लांब धरू. वरचा वेग दोन टक्के जास्त, त्याचा वर्ग चार टक्के. म्हणजे दाबातला फरक गतिक दाबाच्या चार टक्के, गुणांक ०.०४. लागतो ०.४३. एवढ्या लिफ्टमध्ये फार तर एक धिप्पाड माणूस उचलला जाईल, ११५७ किलोंचं विमान नाही. वरच्या हवेने खालच्या हवेची वाट पाहावी असा काही नियम नाही. प्रत्यक्षात ती बरीच आधी पोचते. वरची हवा वेगाने जाते आणि तिथे दाब कमी असतो, एवढा भाग खरा आहे. कारण खोटं आहे.

मुलाला दाखवायला दुसरा हिशेब द्या. लिफ्ट म्हणजे पंखाने हवेला खाली ढकलण्याची परतफेड. मोजमापासाठी पंखाची लांबी हा व्यास धरून एक वर्तुळ काढा; ११ मीटर व्यासाचं क्षेत्रफळ ९५ चौरस मीटर. सेकंदाला ५१.४४ मीटर गुणिले ९५ गुणिले १.२२५ : दर सेकंदाला जवळजवळ सहा टन हवा. पंखामागे तिचा प्रवाह दोन अंश खाली वळलेला असतो, म्हणजे खाली जाण्याचा वेग सेकंदाला १.९ मीटर. सहा हजार गुणिले १.९. उत्तर ११,४०० न्यूटनच्या घरात, म्हणजे विमानाचं वजन. टोकांकडे हळूहळू कमी होत जाणारी आदर्श लिफ्ट धरली तर हा ताळा नेमका जमतो. पंखा लावून बसल्यावर जाणवते तेवढ्याच संथ वाऱ्याने विमान पेललं जातं, फक्त तो वारा सहा टनांचा असतो.

प्रश्न : प्रवासी जेटसाठीही हेच सूत्र चालतं का? (वाचक, पुणे)

उत्तर : सूत्र तेच, फक्त वेग माख आकड्यात (तिथल्या ध्वनीच्या वेगाच्या किती पट) आणि दाब उंचीवरचा घेणं सोयीचं. गतिक दाब म्हणजे ०.७ गुणिले हवेचा दाब गुणिले माखचा वर्ग. एअरबस ए३२० घ्या : पंख १२२.६ चौरस मीटर, मध्यावर वस्तुमान ६५ टन धरू, ३५,००० फूट, माख ०.७८. तिथला दाब २३,८४० पास्कल. गतिक दाब १०,१५० पास्कल, वजन ६,३७,६५० न्यूटन, लिफ्ट-गुणांक ०.५१.

ताशी साधारण अडीच टन इंधन जळतं. दोन तासांनी विमान ६० टनांवर आलं की त्याच उंचीला, त्याच माखला गुणांक ०.४७ पुरतो. पंख मात्र एका ठराविक गुणांकाच्या आसपासच सर्वांत काटकसरीने चालतो. म्हणून लांबच्या उड्डाणात विमान टप्प्याटप्प्याने वर नेतात. हवा पातळ झाली की गुणांक पुन्हा जागेवर येतो. घाईने फार वर जाणंही धोक्याचं. ६५ टनांनाच ३९,००० फुटांवर नेलं तर गुणांक ०.६२ लागेल. या वेगाला तेवढ्या कोनात पंखावर आघातलहरी जोर धरतात आणि पंख थरथरायला लागतो, त्यामुळे वळायला किंवा धक्के सोसायला हातचं थोडंच उरतं. कमी वेगाच्या आलेखावरचा १.५चा कमाल गुणांक या उंचीवर विसरायचा.

प्रश्न : वळताना लिफ्ट किती लागते? (वाचक, पणजी)

उत्तर : उंची राखून वळत असाल तर वजन भागिले झुकावाच्या कोनाची कोसाइन. ३० अंशांना वजनाच्या १.१५ पट, ४५ला १.४१, ६०ला दुप्पट. स्टॉलचा वेग या आकड्याच्या वर्गमुळाने चढतो : सेस्नाचे ५३ नॉट ४५ अंशांत ६३ होतात, ६० अंशांत ७५. धावपट्टीच्या रेषेत येताना वळण चुकलं म्हणून झुकाव वाढवत गेलं, की वेगाच्या घड्याळात काहीही वाईट न दिसता विमान स्टॉलजवळ पोचतं.

प्रश्न : पृथ्वी गोल आहे, फिरतेही आहे. त्याचा लिफ्टवर काही फरक? (वाचक, नाशिक)

उत्तर : आहे, आणि तो दिशेप्रमाणे बदलतो. मुंबईच्या अक्षांशावर, मघाच्या ए३२०च्या वेगाने पूर्वेकडे जाणारं विमान पृथ्वीच्या फिरण्यात स्वतःचा वेग मिळवतं, त्यामुळे त्याला ०.४ टक्के कमी लिफ्ट पुरते. ६५ टनांवर सुमारे २६५ किलोंची सूट. पश्चिमेकडे जाताना उलट दीडशे किलोंचा जादा बोजा. दोन्हींखेरीज ३५,००० फुटांवर गुरुत्वाकर्षणच एक-तृतीयांश टक्क्याने कमी असतं. वैमानिक यातलं काहीही मोजत बसत नाहीत. इंधनाच्या अंदाजात वाऱ्याची चूक याहून कितीतरी मोठी असते.